मिस्तरींचा न लिहिलेला शेरा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी वाटायचं, आता कोणाला काय पडलंय त्याचं. कधी वाटायचं, माणूस अजून आहे, आधी त्याला भेटू, मग लिहू. आता तो माणूस राहिला नाही आणि मीही सत्तर वर्षांचा झालो. सबबी संपल्या.

मिस्तरी म्हटलं की मला आधी त्यांचा पंजा दिसतो. उजव्या हाताचा, अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेला. कोणतीही मोटारसायकल समोर आली की ते तिचं रंगरूप बघतच नसत. सीटच्या मागच्या टोकावर पंजा ठेवायचे, अंगाचा सगळा भार टाकून एकदाच दाबायचे, झटकन हात उचलायचे आणि डोळे मिटायचे. गाडी वर यायची, थोडी खाली, पुन्हा जराशी वर. "एक... दीड... बस," ते पुटपुटायचे. दीड म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चालेल. तिसऱ्यांदा उसळली की डोळे उघडून मालकाला सांगायचे, "हाई सडकवर फिरावा. डोंगरमा लई जाऊ नका."

मालक कधी चिडायचा. नवी कोरी गाडी, हार घातलेली, आणि हा माणूस एका दाबात तिची पत्रिका सांगतो म्हणजे काय! पण सहा महिन्यांनी तोच मालक तीच गाडी ढकलत मिस्तरींच्या दारात यायचा. मिस्तरी "मी बोललो होतो" असं कधी म्हणाले नाहीत. पाना उचलायचे आणि कामाला लागायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्यांना शाळेने फार काही दिलं नाही, पण लोखंडाशी बोलता येतं. आपण त्यांना मान देतो, मात्र त्यांच्या गॅरेजात असेपर्यंतच. ऑफिसात आलं की आपल्याला त्यांची थोडी लाज वाटते. माझ्या हातून जे झालं ते या लाजेतून झालं, हे आधीच सांगून टाकतो.

मी तेव्हा धुळ्याला दुधाचा व्यवसाय करणाऱ्या एका खाजगी संस्थेत वाहन विभाग सांभाळत होतो. ती संस्था आता बंद झाली. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या गावांमधून आम्ही दूध घ्यायचो आणि तिथल्या गाईम्हशींसाठी पशुसेवक पाठवायचो. पशुसेवक म्हणजे मोटारसायकलवर फिरणारा जनावरांचा अर्धा डॉक्टर. गाई भरवण्यासाठीचं बीज गोठवून ठेवायला त्याच्या कॅरिअरवर नायट्रोजनचं जड भांडं बांधलेलं असे. रस्ते कसले, मुरूम आणि मोठाले दगड. त्यात एक नऊ वळणांचा उतार होता. तिथे नवखा माणूस जीव मुठीत धरायचा.

मिस्तरींचं गॅरेज साक्रीच्या बाहेर, रस्त्याला लागून. चार खांब, वर पत्रे, अर्धा कापलेला ड्रम पाण्याला. आमच्या सगळ्या गाड्यांची दुरुस्ती त्यांच्याकडे असे. गाडी चालवून बघायची असली की ते चपला काढून बाजूला ठेवायचे आणि अनवाणी बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "मिस्तरी, देवळात चाललात का?"

"पायले जे समजस ते चप्पलले समजत नही, भाऊसाहेब."

संस्थेत मला सगळे भाऊसाहेबच म्हणत. पण मिस्तरींच्या तोंडून तो शब्द वेगळा यायचा. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसावर त्यांचा एक भाबडा विश्वास होता. कागद म्हणजे खरं. कागदावर भाऊसाहेबांनी लिहिलं म्हणजे पक्कं.

एकदा आमच्या एका पशुसेवकाने त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी थंड देशातले बर्फाचे डोंगर, आणि त्यावरून चढणाऱ्या तीन वेगवेगळ्या बनावटीच्या गाड्या. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा. आम्ही बर्फ पाहिलेला तो गोळ्याच्या गाडीवर. मिस्तरींनी तो व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला. चौथ्यांदा बोट ठेवून म्हणाले, "पह्यलीना जोर भलता शे, पन वजन मांगे शे. वळनवर पुढलं तोंड उचली लेई. तिसरी हलकी शे, पन शॉकअप कडक, बसनाराना कणा मोडी. पैसा द्यावा त मधलीले."

"मिस्तरी, तुम्ही आयुष्यात बर्फ पाहिलाय का?" पशुसेवक हसत म्हणाला.

"बरफ राहो का मुरूम राहो, भो. वजन मांगे गयं की पुढलं चाक मालकनं ऐकत नही."

आम्ही हसलो. मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हाही हसलो. हे वाक्य पुढे माझ्या छातीत काट्यासारखं रुतून बसणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

मिस्तरींना एकुलती एक लेक. बायको लवकर गेली, लेकीला त्यांनीच वाढवलं. ती त्यांना आबा म्हणे. तिचं लग्न पहूरकडच्या एका मुलाशी झालं. मुलगा शिकलेला, गरीब स्वभावाचा, पण हाताला काम नाही. मिस्तरींनी माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे जावयाला पशुसेवकाच्या कामावर घ्या. मी घेतलं. जावई-लेक साक्रीलाच राहायला आले, गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर. रोज दुपारी लेक डबा घेऊन यायची आणि बापाला हात धुवायला लावायची. "आबा, साबन लावा. नुसतं पानी नका दाखाडू हातले," असा तिचा आवाज गॅरेजभर घुमायचा. मिस्तरी तिच्यासमोर पोरासारखे उभे राहायचे. त्या वेळी तिथे असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ते बघितलंय.

मग जुन्या गाड्या बदलायचं ठरलं. चौदा नव्या मोटारसायकली घ्यायच्या होत्या. तीन कंपन्यांच्या विक्रेत्यांनी एकेक गाडी चालवून बघायला पाठवली. चेअरमनसाहेबांनी मला सांगितलं, "घाटात कोण कशी चालते, शॉकअप कसे, किमतीच्या मानाने कोणती परवडते, सगळं तपासून अहवाल द्या. इंग्रजीत द्या. बँकेला दाखवायचाय."

मी तिन्ही गाड्या मिस्तरींकडे नेल्या. त्यांनी एका नजरेत त्यांची नावं पाडली. पहिली जाड, संथ, किमतीला जास्त. तिचं नाव म्हैस. दुसरी हडकुळी, चपळ, सर्वांत स्वस्त. ती शेळी. तिसरी उंच, काळीभोर, टाकीवर सोनेरी पट्टा, मधल्या किमतीची, सोबत हेल्मेट फुकट. तिला म्हणाले नवरदेवाची घोडी. "वरातले चांगली शे," असंही पुढे जोडलं.

आता त्यांची तपासायची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं. त्यांनी नायट्रोजनच्या भांड्याच्या वजनाइतकी वाळू पोत्यात भरून कॅरिअरवर बांधली. तिच्यावर कापडी पिशवीत एक डझन पिकलेली केळी. आमच्या भागात केळ्याला काय तोटा! मग चपला काढून ते गाडीवर बसले, डोंगरातल्या शेवटच्या गावापर्यंत गेले आणि नऊ वळणांच्या उतारावरून परत आले. गाडी लावली, पिशवी उतरवली आणि एकेक केळं सोलून फळीवर मांडलं. काळा डाग किती, कुठे, किती खोल.

"मिस्तरी, तुम्हाला स्वतःला कळलं नाही का गाडी कशी आहे ते? केळी कशाला?"

"माणूसले आदत पडी जास, भाऊसाहेब. दोन कोस गयं की पाठ म्हनस, ठीक शे. केळाले आदत पडत नही."

म्हशीवरची दोन केळी डागाळली होती. शेळीवरची पाच. घोडीची पिशवी उघडली तेव्हा मिस्तरींनी तिच्यात बघितलं आणि ती तशीच माझ्यापुढे धरली. "ल्या. दूध आना. घोडीनी शिकरन करी टाकी."

मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवी केळी आणून पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही वेळा तेच. तिसऱ्या दिवशी ते घोडीवरून उतरले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, उतारावर मागचा शॉकअप तापून मऊ पडतो, खड्ड्यात खालपर्यंत बसतो आणि मग एकदम लाथ मारतो. त्यात मागे वजन. हँडल हातात राहत नाही. "सातवा वळनवर मीच पडता पडता वाचनू आज," असं म्हणाले आणि घाम पुसला. मग माझ्याकडे न बघता बोलले, "मन्हा जवाई बसनार शे यावर. घोडी नको. म्हैसले पैसा जास्त लागी, पन तिना सामान साक्रीमा भेटस आन ती दहा वरीस मरत नही. लिखी ल्या."

मी वहीत लिहून घेतलं. "घोडी: डोंगरात अयोग्य. नाकारावी." ती वही अजून माझ्याकडे आहे.

चेअरमनसाहेबांच्या कानावर केळ्यांची गोष्ट आधीच गेली होती. मी केबिनमध्ये शिरताच म्हणाले, "काय भाऊसाहेब, गाड्या तपासताय की सत्यनारायण घालताय? प्रसाद कुठाय?" बाकीचे हसले. मीही हसलो. मिस्तरींवर हसलो. चेअरमनांना घोडी आवडली होती हे त्यांनी लपवलं नव्हतं. वार्षिक सभेला ओळीत चौदा काळ्या गाड्या उभ्या करायच्या, असं त्यांच्या मनात होतं. पण तुमची शपथ, त्यांनी मला असं लिहा, तसं लिहा, हे एका शब्दाने सांगितलं नाही. दोष त्यांच्यावर ढकलायला मला जागा नाही.

मी अहवाल लिहायला बसलो. इंग्रजीत. कंपन्यांच्या पुस्तिकांमधून चाकांचे व्यास, इंजिनाची ताकद, शॉकअपची लांबी, सगळं रकान्यांत उतरवलं. छान दिसत होतं. मग शेवटचा परिच्छेद आला, प्रत्यक्ष चाचणी. तिथे हात थांबला. घोडी नाकारायची तर कारण द्यायला हवं आणि कारण होतं केळी. बँकेच्या साहेबापुढे, संचालकांपुढे, इंग्रजीत, एक डझन केळी! मला समोर ते सगळे हसताना दिसायला लागले. मी चार वेळा वाक्य जुळवलं, चार वेळा खोडलं. शेवटी लिहिलं की तिन्ही गाड्यांची घाटात चाचणी घेण्यात आली आणि तिन्ही गाड्या वापरण्यास योग्य आढळल्या. मनाला सांगितलं, निवड शेवटी त्यांनीच करायची आहे, तोंडी सांगू की म्हैस घ्या म्हणून.

तोंडीही मी सांगितलं नाही.

चाचणी घेणाऱ्याची सही लागत होती. अहवाल घेऊन मी साक्रीला गेलो. मिस्तरींनी हात पुसले, साबणाने धुतले, पुन्हा पुसले. कागदाला काळं लागू नये म्हणून. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पानं उलटून त्यांनी रकाने कौतुकाने बघितले. मग पेन हातात घेऊन विचारलं, "घोडीनं लिखं ना, भाऊसाहेब?"

मी म्हणालो, "लिहिलं."

त्यांनी सही केली. मराठीत, एकेक अक्षर सावकाश.

एवढंच. एक शब्द. बारा वर्षं मी तो शब्द जवळ बाळगतोय.

चौदा घोड्या आल्या. सभेत ओळीत उभ्या राहिल्या, फोटो निघाले. मिस्तरींना कळलं तेव्हा ते धुळ्याला माझ्याकडे आले नाहीत. फोन केला. "नाकारेल व्हती ना आपन?" मी म्हटलं, "वरच्यांनी ठरवलं मिस्तरी, आपण काय करणार." हेही अर्धं खोटं.  मग म्हणाले, "बरं. मंग मांगला शॉकअप मी बदली टाकस एकेकना. जवाईनी पह्यले लयजो म्हना." त्यांनी कुठूनसे जुने दणकट शॉकअप मिळवायला सुरुवातही केली होती. घोडीला बसतील असे करून ते घालायचे होते.

जावयाच्या गाडीसाठी पहिली जोडी तयार व्हायच्या आधीच ते घडलं. पावसाळा सरत आला होता, मुरूम वाहून खड्डे उघडे पडले होते. नऊ वळणांच्या उतारावर जावयाची गाडी खड्ड्यात बसली, उसळली आणि आडवी झाली. गाडी आणि नायट्रोजनचं भांडं, दोन्हीखाली त्याचा डावा पाय सापडला. जीव वाचला. गुडघा मात्र पुन्हा कधी वाकला नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात मी गेलो तेव्हा मिस्तरी वॉर्डाबाहेर जिन्याच्या पायरीवर बसले होते. लेक आत होती. तिने त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. ऑफिसातल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं की गाड्या तुमच्या वडिलांनीच पास केल्या, सही आहे त्यांची. दाराच्या फटीतून तिचा आवाज ऐकू येत होता. रडत नव्हती, म्हणूनच तो आवाज जास्त भयंकर होता. "आबा, तुमले माहीत व्हतं ना, यासले हाईच गाडी भेटनार शे? मंग सही कशी करी तुम्ही? हात कसा उचलना तुमना?"

 मी मिस्तरींच्या शेजारी बसलो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. उठायचं, दार ढकलायचं आणि सांगायचं, ताई, तुझ्या बापाने ही गाडी तीनदा नाकारली, मी लिहिलं नाही. दहा पावलांवर दार होतं. मी उठलोही.

"मिस्तरी, चहा आणू का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मी चहा आणला. दोघांनीही तो प्यायला नाही.

पंधरा दिवसांनी चौकशी बसली. चेअरमन, दोन संचालक, मी आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर मिस्तरी. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा तशाच. टेबलावर माझा अहवाल.

"मिस्तरी, ही सही तुमचीच ना?"

"मन्हीच शे."

"मग घाटात गाडी चालेल असं तुम्ही कशावरून ठरवलंत?"

मिस्तरींनी माझ्याकडे बघितलं. पंखा फिरत होता, कागदावर पेपरवेट होता, कागदाचा कोपरा फडफडत होता. मला वाटलं, आता बोलतील. मला वाटलं, बोलावं. खरंच वाटलं. आणि त्याच वेळी मी नजर अहवालावर वळवली, हेही खरं आहे.

"भाऊसाहेब, तुम्ही सांगा," चेअरमन म्हणाले. "यांनी गाड्या तपासल्या होत्या का?"

"तपासल्या होत्या," मी म्हणालो.

यात एक अक्षर खोटं नाही. माणूस खऱ्या वाक्यानेही किती मोठं खोटं बोलू शकतो, ते मी त्या दिवशी शिकलो.

"मग झालं तर," चेअरमन म्हणाले. "बोला मिस्तरी, तुम्हाला काही म्हणायचंय?"

मिस्तरी उठले. "काय म्हनू साहेब. सही मन्ही शे." आणि बाहेर गेले.

मी जिन्यात त्यांना गाठलं. "मिस्तरी," एवढंच बोललो. ते थांबले. माझ्या खांद्यावर तो पंजा ठेवला, काळ्या नखाचा. दाबला नाही, नुसता ठेवला. म्हणाले, "तुमनं दीड वरीस राह्यनं ना, भाऊसाहेब? सांभाळा." माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांना ते पाठ होतं. ती दया होती की टोमणा होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कित्येकदा वाटतं, टोमणा असता तर बरं झालं असतं.

संस्थेने त्यांचं काम काढून घेतलं. बातमी साक्रीत पसरायला वेळ लागला नाही. आठवडे बाजारात लोक म्हणायला लागले, मिस्तरीने कमिशन खाल्लं, जावयाचा पाय विकला. केळ्यांची गोष्टही पसरली. गॅरेजसमोरून जाताना टवाळ ओरडायचे, "ओ मिस्तरी, घोडी पास करनी शे, कितला डझन आनू?" ज्यांच्या गाड्या त्यांनी वीस वर्षं सांभाळल्या तेही दुसरीकडे जायला लागले. लेक डबा घेऊन यायची बंद झाली होती. हाकेच्या अंतरावर घर, पण हाक नाही.

वर्षभरात त्यांनी पत्रे उतरवले आणि सुरतेला पुतण्याच्या वर्कशॉपात गेले. मी निवृत्त झालो. हार, नारळ, शाल. भाषणात चेअरमन म्हणाले, भाऊसाहेबांच्या कागदात कधी काना-मात्रेची चूक सापडली नाही. टाळ्या पडल्या. मी जळगावला मुलाकडे राहायला आलो.

तुम्ही विचाराल, मग तरी का नाही सांगितलं? भीती कसली उरली होती? मीही स्वतःला हेच विचारतो. पहिल्या वर्षी वाटलं, जखम ताजी आहे. तिसऱ्या वर्षी वाटलं, आता खपली धरलीय, कशाला काढा. सुरतेचा पत्ता मी मिळवला होता. दोनदा तिकीट काढलं. एकदा नंदुरबारपर्यंत गेलो आणि प्लॅटफॉर्मवर उतरून परतीची गाडी पकडली. घरी सांगितलं, पोट बिघडलं.

गेल्या हिवाळ्यात साक्रीहून एका जुन्या पशुसेवकाचा फोन आला. मिस्तरी गेले. शेवटच्या आजारात पुतण्याने त्यांना लेकीकडे आणून सोडलं होतं, दोन महिने तिच्याकडे होते. मी तेराव्याला गेलो.

लेकीचे केस पिकायला लागले होते. तिने मला ओळखलं, पाया पडली. पाया पडली, हे लिहिताना पेन थांबतं. म्हणाली, "आबाना हापिसमाथून तुम्हीच एकला उनात, भाऊसाहेब." मग चहा दिला आणि समोर बसली. पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत, उलगडत होती.

"दोन महिना व्हता आबा अठे. मी जेवाले वाढू, औषध देऊ, अंग पुसू. पन त्या गाडीना विषय ना मी काढा, ना त्यासनी. एक इचारू का तुमले?"

"विचार ना, ताई."

"खरं सांगा. आबानी ती गाडी खरंच पास करेल व्हती का?"

सगळं आयुष्य देवाने त्या एका प्रश्नासाठी राखून ठेवलं असावं. चेअरमन नव्हते, नोकरी नव्हती, जिना नव्हता. ती समोर होती आणि मी होतो. तिच्या डोळ्यांत आरोप नव्हता. काहीतरी मागत होती ती. नाही म्हणा, असं मागत होती.

मी म्हणालो, "तपासली होती त्यांनी."

तिने मान खाली घातली. "हं," म्हणाली, आणि कपबशी उचलून आत गेली.

ताई, हे छापून येईल तेव्हा मी पहिला अंक तुझ्या पत्त्यावर पाठवणार आहे, वहीसकट. तू वाच किंवा जावईबापूंना वाचायला सांग. तुझ्या आबांनी ती गाडी पास केली नव्हती. तीन दिवस, तीन वेळा तिच्यावर बसून त्यांनी ती नाकारली, तुझ्या नवऱ्याचं नाव घेऊन नाकारली. माझ्या हाताने ते वहीत लिहिलं गेलं आणि माझ्याच हाताने अहवालातून गाळलं गेलं. कोणी पैसे खाल्ले नाहीत. त्यांनी तर नाहीच. सही करण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं आणि मी त्यांना फसवलं. इतकी वर्षं तू ज्या माणसावर राग धरलास, त्याच्या जागी मी असायला हवा होतो. हे तुला तोंडावर सांगायची ताकद माझ्यात त्या दिवशी नव्हती, आजही असेल असं वाटत नाही.

पण हे झालं तुझ्यासाठी. त्यांच्यासाठीचं राहिलंच.

लेक आत गेल्यावर मी खोलीत एकटा होतो. भिंतीजवळ पाटावर मिस्तरींचा फोटो ठेवला होता, झेंडूचा हार घातलेला. सुरतेत काढलेला असावा, कॉलरपर्यंत बटणं लावलेली. मी कसाबसा उठलो, फोटोसमोर जाऊन उभा राहिलो, हात जोडले. कोणी ऐकत नव्हतं. ते शब्द मला पाठ होते. नंदुरबारच्या गाडीत मी ते पुन्हा पुन्हा घोकले होते. ओठ हलले, आवाजही फुटला थोडा. "मिस्तरी, माझी..."

तेवढ्यात मागे काठीचा आवाज आला. जावई पाण्याचा तांब्या घेऊन, ताठ पाय ओढत दारात उभा होता.

"काही म्हणालात का, भाऊसाहेब?"

"नाही," मी म्हणालो. "फोटो चांगला आलाय."